ऊन परत आलं : शरदाच्या फोटोंच्या नोंदी, सासवड २०२४

२२ सप्टेंबर, रविवार

आजपासून सुरुवात. ठरवलंय ते एवढंच, की आजपासून कोजागिरीपर्यंतच्या पंचवीस दिवसांत सासवड आणि आसपास फिरून बारा फोटो जमवायचे. बघणाऱ्याला कुणी न सांगता कळलं पाहिजे की हा शरद आहे. पावसाळा नाही आणि थंडीही नाही, मधले हे दिवस. कॅमेरा जुनाच, निकॉन डी ५३००. सोबत १८-५५ची लेन्स आणि ५० मिमी एफ/१.८. नोकरी बँकेत, त्यामुळे सकाळचे दोन तास आणि सुट्ट्या एवढाच वेळ हाताशी आहे.

अडचण पहिल्याच दिवशी समोर आली. शरद ऋतूचे फोटो म्हटलं की डोळ्यांपुढे लाल-पिवळी पानगळ येते. ती थंड मुलखांतली. आपल्याकडे पानं झडतात माघ-फाल्गुनात. आश्विनात तर झाडं ऐन हिरवीगार असतात. मग आपल्याला ऋतू पालटल्याचं कळतं कशावरून? पहाटे पायाशी पडलेली चादर ओढून घ्यावीशी वाटते, आणि त्याच दिवशी दुपारी पाठ भाजून निघते. आई म्हणते, तिला अंगणातल्या मातीच्या वासावरून कळतं. कॅमेऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

सकाळी संगमेश्वराच्या घाटावर तासभर होतो. कऱ्हा आणि चांबळीचा संगम, देवळाच्या पायऱ्या, पाण्यात उतरलेलं ढगाळ आभाळ. अडतीस फोटो काढले. घरी येऊन पाहिले तर एकूण एक जुलैतले म्हणून खपले असते.

संध्याकाळी पंचांग घेऊन बसलो. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. तिथीने अजून भाद्रपद चालू आहे, पितृपंधरवडा. शासनाच्या सौर पंचांगात मात्र उद्या, २३ सप्टेंबरला, १ आश्विन. सूर्य आजच विषुववृत्तावर आला. मे आणि जुलैत तो इथे एकेकदा बरोबर डोक्यावर येऊन जातो. आज भर दुपारी तो डोक्यापासून साधारण १८ अंश दक्षिणेला कललेला होता, कोजागिरीला २७ अंशांपर्यंत कलेल. म्हणजे एक मीटरच्या काठीची दुपारची सावली आज ३३ सेंटिमीटर, आणि त्या दिवशी ५१. हे गणित वहीत दोनदा तपासून लिहिलं. पंचवीस दिवसांत दुपारची सावली दीडपट होते आणि आपण तिच्यावरूनच चालत असतो! बदल शोधायचा तो सावलीत, हा पहिला धागा हाती आला.

२५ सप्टेंबर, बुधवार

धो धो पाऊस. पुण्याला गेलेली माणसं रात्री उशिरापर्यंत अडकली. काकांची बाजरी काढणीला आलेली, कणसं रानात उभी भिजली. अशी दोन-तीन दिवस भिजत राहिली की दाण्याला जागेवरच मोड येतात. काका ओटीवर बसून बाहेर बघत होते. म्हणाले, "हत्ती लागायचाय अजून, ही नुसती सोंड आहे." सूर्य एक-दोन दिवसांत हस्त नक्षत्रात जाईल, त्याचा पाऊस तो हत्तीचा. त्यांच्यापुढे फोटोचा विषय काढवला नाही.

घरात बसून सामान तपासलं. ५५-२००ची लेन्स जूनपासून कपाटात पडून होती. काचेआड कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक पांढरी नक्षी पसरलीय. बुरशी. मागे एका दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं की पावसाळ्यात लेन्स बंद कपाटात ठेवू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. ऐकलं, पण केलं नाही. सिलिका जेलच्या पुड्या होत्या, पण निळ्याच्या गुलाबी पडलेल्या, म्हणजे ओल पिऊन तृप्त. त्यांना आता कडक ऊन पाहिजे किंवा तवा तरी. ही लेन्स या कामापुरती बाद. लांबचं काही टिपायचं झालं तर पायांनी जवळ जायचं.

२८ सप्टेंबर, शनिवार

चौथा शनिवार, बँक बंद. पहाटे पाचला निघून सोनोरीमार्गे मल्हारगड. पेशवाईत पानसे सरदारांनी बांधलेला हा छोटेखानी किल्ला. चढण अर्ध्या तासाची, पण मला उतारावरच दीड तास लागला. आभाळ इतकं धुतलेलं, की डोळे दिपून गेले. चार महिन्यांच्या पावसाने हवेतली धूळ खाली बसवलीय, म्हणून हा निळा. मेमध्ये याच जागेवरून पुरंदर राखाडी, पुसट दिसतो. आज त्याच्या कड्यावरची एकेक घळ मोजून घ्यावी.

उतारावर कुसळी गवत कमरेइतकं. खालून अजून हिरवं, शेंड्याला तांबूस सोनेरी. रंग पालटतो तो इथे. आपली पानगळ झाडावर नसून गवतात आहे, हे इतकी वर्षं चढ-उतार करूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. सूर्य समोर घेऊन खाली बसलो. उजेड गवताच्या पाठीमागून आला की प्रत्येक कुसळ तारेसारखं पेटतं. कॅमेरा आपल्या बुद्धीने हे दृश्य एकतर पांढरं फटफटीत करतो नाहीतर काळंठिक्कर, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, दोन-तृतीयांश स्टॉप खाली ओढलं (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) आणि मागे डोंगराची सावलीतली बाजू येईल असा कोन धरला.

एक कुसळ तोडून तळहातावर घेतलं. दाण्याला टोकदार सुईसारखं बूड, त्यावर तपकिरी केस, आणि वर दोन-अडीच इंचांची काळसर शेपटी, दोरीला पीळ द्यावा तशी पिळलेली. दवाने ओली होती. हातावर ऊन पडलं तशी ती सुकू लागली आणि डोळ्यांदेखत, घड्याळाच्या काट्याहून जरा जलद, स्वतःभोवती फिरली. ओल लागली की पीळ सुटतो, सुकली की परत बसतो, आणि या फिरण्याने दाणा मातीत स्वतःला रोवून घेतो. पायमोज्यात रुततो तोही असाच. पन्नासची लेन्स इतक्या जवळून फोकस करत नाही, त्यामुळे हा फोटो मिळाला नाही. पण ओल आणि ऊन यांची ओढाताण एका काडीत बघायला मिळाली.

आज उमगलेली दुसरी गोष्ट व्हाइट बॅलन्सची, म्हणजे कॅमेऱ्याने पांढरं कशाला धरायचं त्याची. ऑटोवर ठेवला की कॅमेरा सकाळच्या पिवळ्या उजेडाला 'चूक' समजून दुरुस्त करतो. ज्यासाठी पहाटे उठलो तेच तो पुसून टाकत होता! आता 'डेलाइट'वर कायम केलाय, शिवाय सगळं रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने हात न लावलेल्या मूळ फाइलमध्ये.

माचीवर चतुरांचे थवेच्या थवे. पिवळसर, पंख न हलवता वाऱ्यावर तरंगणारे. हेच चतुर या दिवसांत समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात असं अभ्यासक सांगतात. फोटोत ठिपके आले. असू देत.

२९ सप्टेंबर, रविवार

आजची नोंद मोठी होणार.

घट गुरुवारी बसणार. त्याआधी घरातलं झाडून सगळं धुवायचं, त्यामुळे कऱ्हेच्या काठाला आज जत्रा होती. टेम्पो, रिक्षा, मोटरसायकलींवर बांधलेली गाठोडी. काठाच्या कातळावर, पुलाच्या कठड्यावर, बाभळीवर, जिथे जागा मिळेल तिथे गोधड्या.

पाण्याच्या कडेला सत्तरीच्या एक मावशी आणि त्यांची सून. गोधडी सोड्याच्या पाण्यात भिजवून दगडावर घ्यायची, धोपाटण्याने बडवायची, मग उभं राहून पायाने तुडवायची. आधी काळं पाणी निघतं, मग गढूळ, मग पिवळट, ते पार स्वच्छ होईपर्यंत. पिळायला दोघी लागतात. दोन टोकांना दोघी, उलट्या दिशेने पीळ देत जातात, आणि मधोमध पाण्याची धार सुटते. मला ते कालचं कुसळ आठवलं.

फोटो काढू का विचारलं. मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

"कुणाचा रं तू?"

सांगितलं. वडिलांना ओळखत होत्या.

"आरं बाळा, पर वल्ल्या गोधडीचा कसला फोटू काढतूस? वाळू दी की तिला. दुपारच्याला ये."

"येतो मावशी. पण आत्ताचाही एक काढू का?"

"काढ. तुजं रीळ तुजं."

काढले. मग हात धुऊन पिळायला लागलो. भिजलेली गोधडी किती जड असते हे मला आजवर माहीत नव्हतं. माझ्या खांद्याची रग अजून गेलेली नाही. पिळता पिळता मी विचारलं, गौरी-गणपतीच्या आधी का नाही धुतल्या? त्या म्हणाल्या, "धुतल्या असत्या. पर उनाचा भरवसा न्हवता. गोधडी आतून वाळली न्हाई तर कुजती. आता ह्ये ऊन जायाचं न्हाई."

घरी आलो तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. ऋतू पालटला हे त्यांनी पंचांगावरून ठरवलेलं नाही. घरातलं सगळ्यात जाड, सगळ्यात उशिरा सुकणारं अंथरूण त्यांनी उघड्यावर टाकलं, आणि वर आभाळाकडे बघितलंही नाही. मला ज्याचा फोटो हवा होता ते हेच. पाऊस गेला हे दाखवायला निळं आभाळ पुरत नाही, श्रावणातही ते मधून मधून दिसतं. उन्हावर माणसांनी किती विश्वास टाकलाय ते दाखवलं पाहिजे.

साडेतीनला परत गेलो. गोधडी कातळावर चारी कोपऱ्यांना दगड ठेवून पसरलेली. सकाळी ओली असताना ती काळपट आणि सपाट होती, रंग एकमेकांत मिसळलेले. आता प्रत्येक ठिगळ वेगळं उठून आलं होतं. जांभळ्या लुगड्याचा काठ, विटक्या धोतराचं पांढरं, मधोमध कुणाच्या तरी शाळेच्या शर्टाचा निळा चौकोन. टाके काठापासून आत आत जात मधल्या चौकोनाला येऊन थांबलेले, दोन ओळींत बोटभर अंतर. वाळताना दोरा आवळतो आणि दोन टाक्यांमधलं कापड फुगून वर येतं. तिरपं ऊन त्या फुगवट्यांवर पडलं आणि प्रत्येक टाक्याच्या मागे तांदळाएवढी सावली दिसायला लागली. हजारो सावल्या. सावलीचं गणित मी वहीत मांडलं होतं. ते इथे शिवून ठेवलेलं होतं.

लेन्सचं छिद्र एफ/८, शटर १/२५० सेकंद, उजेडाची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ १००. गुडघे टेकून, लेन्स कापडापासून हातभर वर, सूर्य डाव्या हाताला. अकरा फोटो. सातव्यात मावशींचा हात आलाय, गोधडी आतून वाळली का ते दोन बोटांत चिमटून बघताना. तो बारातला पहिला.

चारच्या सुमाराला त्यांनी गोधड्या उचलायला घेतल्या. ऊन उतरायच्या आत घड्या घालायच्या, नाहीतर पुन्हा सर्दावतात. मला मात्र साडेपाचचा सोनेरी उजेड हवा होता. थांबा म्हणायचं तोंडावर आलं होतं, गिळलं.

२ ऑक्टोबर, बुधवार

सर्वपित्री, आणि सुट्टी. आतापर्यंतचे दोनशे चौदा फोटो बघितले. घाटावरचे सगळे काढून टाकले. यादी नव्याने केली आणि वर लिहिलं: 'उन्हात काय काय आलंय'. गच्चीवर काकांची बाजरीची कणसं (सुदैवाने मोड फुटले नाहीत, थोडी काळी पडली). शेजारच्यांच्या ट्रंकेतले स्वेटर. बुरा आलेली कोल्हापुरी चप्पल. वाचनालयाच्या ओट्यावर उघडून उभी केलेली ओलसर पुस्तकं. आमच्या पाटावर ताटलीत सिलिका जेल. त्याचे दाणे कडेने निळे व्हायला लागलेत.

दुपारी दोन तास या यादीमागे फिरलो. गावाने जणू आपली आतली बाजू बाहेर काढून ठेवलीय. पुस्तकांचा फोटो चांगला आला, वाऱ्याने पान उलटताना. स्वेटरचा नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

पहाटे सीताफळाचा बाजार. पुरंदरचं सीताफळ म्हणजे या दिवसांची खरी खूण, पण बाजारात दिव्याखाली क्रेटच्या राशीच दिसतात आणि त्यात ऋतू सापडत नाही. एका शेतकऱ्याने फळ हातात देऊन दाखवलं: "डोळा उघडलाय बघा." खवल्यांमधल्या भेगा रुंदावून आतून पिवळट पांढऱ्या झाल्या की फळ काढणीला आलं. तो एक फोटो ठेवला, त्यांच्या अंगठ्यासकट.

घरी घटाची चौथी माळ. देवघरात उजेड कमी, त्यामुळे परडीतले गव्हाचे कोंब पिवळेच आहेत, बोटभर उंच आणि अगदी नाजूक. उजेड नाही म्हणून हिरवा रंग धरत नाहीत. फ्लॅश वापरला नाही. समईच्या उजेडात आयएसओ १६०० आणि कॅमेरा पाटावर टेकवून, १/१५. आई म्हणाली, देवाचे फोटो असे झोपून काढू नयेत. पण नंतर तिनेच समई जरा पुढे सरकवून दिली.

१० ऑक्टोबर, गुरुवार

दिवे गावाकडच्या मळ्यात झेंडूची तोडणी. केशरी रंगाने कॅमेऱ्याला फसवलं. मागच्या पडद्यावर फोटो ठीक दिसत होते, घरी पाहिलं तर फुलं म्हणजे नुसते केशरी ठिपके, पाकळीचा पत्ता नाही. झेंडूत लाल रंग इतका असतो की एकूण उजेड बेतात असला तरी लाल चॅनल आधीच भरून वाहतो. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघायला हवा होता. उद्या पहाटे परत, एक स्टॉप खाली आणि सूर्य वर यायच्या आत.

संध्याकाळी विजा आणि परतीचा पाऊस, तासभर. मळ्यात तोडून ठेवलेली फुलं झाकायला सगळे धावले, मीही धावलो. भिजलेला झेंडू देठापासून काळा पडतो आणि दसऱ्याला भाव मिळत नाही. मावशींच्या गोधड्या केव्हाच घड्या होऊन आत गेल्या होत्या, ते बरं झालं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. कालचे पहाटेचे झेंडू जमले. सूर्य डोंगराआड असताना पाकळ्यांच्या कडा वाचता येतात. बारातला आठवा.

संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन मावशींकडे गेलो. सोबत आठ बाय बाराचा प्रिंट. पाया पडलो, सोनं दिलं, मग फोटो. त्यांनी तो दिव्याखाली धरला. मला वाटलं आपला हात बघतील. त्यांचं बोट निळ्या चौकोनावर गेलं. "ह्यो आमच्या धाकट्याचा. पाचवीतला." धाकटा आता पुण्यात नोकरीला असतो. मग टाके मोजल्यासारखं बोट फिरवत म्हणाल्या, "हितं टाका चुकलाय बघ. तवा रॉकेलच्या दिव्यावर शिवली हुती." मी या फोटोवर तासन्‌तास घालवले, कॉन्ट्रास्ट वाढवला, कमी केला, पण तो वाकडा टाका मला दिसला नव्हता.

नातवाच्या टोपीत घटाचे तुरे होते. त्याचाही एक काढला, दाराच्या उजेडात. पिवळे कोंब आणि पांढरी टोपी.

१६ ऑक्टोबर, बुधवार

कोजागिरी. चंद्र उद्या दुपारी पूर्ण होणार आणि या वर्षातला पृथ्वीच्या सगळ्यात जवळचा पूर्णचंद्र हाच. रात्री दहापर्यंत ढग. साडेदहाला फट पडली.

मला दुधात चंद्र हवा होता. पातेल्याच्या काठावर फोकस केला तर चंद्र फुगलेला धूसर डाग, चंद्रावर केला तर पातेलं गायब. आधी वाटलं हात हलतोय. मग कळलं की दुधाच्या पृष्ठभागावर दिसणारा चंद्र तिथे नसतोच. आरशातल्यासारखं त्याचं अंतर खऱ्या चंद्राएवढंच, म्हणजे लेन्सच्या हिशोबाने अनंत. आणि दूध हातभर अंतरावर. छिद्र बारीक, एफ/१६ ठेवून, पातेल्यापासून सहा फूट मागे सरून, शिडीवर चढून दोन्ही जेमतेम जमलं. साय धरली होती, ती चमच्याने काढावी लागली, नाहीतर चंद्र सुरकुततो. केशराची एक काडी चंद्राच्या कडेला येऊन थांबली, ती तशीच राहू दिली. तोवर दूध निवलं होतं. आईने परत तापवलं नाही, "चंद्र पडलाय त्यात, तसंच प्यायचं." गच्चीवर अंग चिकट होतं, पण वारा सुटला की शहारा येत होता.

२० ऑक्टोबर, रविवार

दुपारी बाहेर उभं राहवत नाही. जमिनीत ओल आहे, वर आभाळ मोकळं, त्यामुळे वाफाळल्यासारखं होतं. ऑक्टोबर हीट सुरू झालीय. मल्हारगडाच्या उतारावरचा हिरवा आता बुडाशी उरलाय.

बारांपैकी दहा पक्के: गोधडी, कुसळी, पुस्तकं, बाजरी, सीताफळ, घट, झेंडू, टोपी, दूध, आणि दुपारच्या बसस्टँडवर आपापल्या सावलीला धरून रांगेत उभी असलेली माणसं. कोळ्याच्या जाळ्यावरचं दव मिळालं नाही, तीनदा गेलो, तिन्ही वेळा वारा. आणि अकरावी जागा ओल्या गोधडीची. सकाळचा तो पहिला फोटो, ज्याला मावशी 'कसला फोटू' म्हणाल्या होत्या. तो एकटा काहीच सांगत नाही, पण कोरडीच्या शेजारी ठेवला की बघणारा थांबतो. दोन्ही एकाच मापात छापायला टाकलेत. मावशींनी निरोप धाडलाय, धाकट्यासाठी अजून एक प्रत काढ, पण त्यात निळा चौकोन मोठा दिसू दे. त्यासाठी रॉ फाइल पुन्हा उघडलीय.